हिंदुत्वाची चिकित्सा आणि अल्पसंख्याकांचे हक्क : मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अभ्यासवर्गांत, चाळीच्या सभांत, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर विचारले जातात. काही विचारांचे आहेत, काही कागदपत्रांचे. दोन्ही एकत्र ठेवले आहेत, कारण समान नागरिकत्वाची खरी कसोटी सोसायटीच्या ऑफिसात आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर लागते.

हिंदुत्वावर टीका म्हणजे हिंदू धर्मावर टीका नाही का?

नाही. हा फरक टीकाकारांनी शोधून काढलेला नाही, तो खुद्द सावरकरांनी केला आहे. १९२३ साली हिंदुत्वाची मांडणी करताना त्यांनी धर्म हा हिंदुत्वाचा केवळ एक भाग मानला. हिंदू कोण? ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही सिंधूपासून समुद्रापर्यंतच्या या भूमीत आहेत तो. व्याख्येतला कळीचा शब्द 'पुण्यभू'. माहीमचा कोळी ख्रिस्ती किंवा कोकणातला मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहिला, मराठीच बोलला, तरी जेरुसलेम किंवा मक्केमुळे तो या व्याख्येत अर्धाच बसतो. राष्ट्रावरच्या निष्ठेची कसोटी श्रद्धास्थानावरून ठरवायची, यालाच आमचा आक्षेप आहे. एखाद्याच्या देवपूजेला, वारीला किंवा सत्यनारायणाला नाही.

वारकरी परंपरेत श्रीगोंद्याचे शेख महंमद संत म्हणून मानले गेले. माहीमच्या मखदूम अली माहिमी यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मान आजही पहिला असतो. इथला धर्मव्यवहार त्या व्याख्येपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि तो हिंदूंनीच घडवलेला आहे.

द्विराष्ट्रवाद तर जिनांचा होता. त्यात हिंदुत्ववाद्यांना का ओढता?

तारखा पाहा. मुस्लिम लीगचा लाहोर ठराव मार्च १९४० चा. हिंदू महासभेच्या अहमदाबाद अधिवेशनात अध्यक्षपदावरून सावरकरांनी भारतात हिंदू आणि मुसलमान अशी दोन राष्ट्रे आहेत असे सांगितले, ते १९३७ मध्ये. दोघांचे राजकीय निष्कर्ष वेगळे होते. जिनांना फाळणी हवी होती. सावरकरांना एकच देश हवा होता, पण त्यात हिंदू राष्ट्र प्रधान असावे असे त्यांचे म्हणणे होते. या प्रश्नावर दोघांचे मूळ गृहीतक एकच आहे, हे डॉ. आंबेडकरांनी त्याच काळात नोंदवले आणि हिंदू राज प्रत्यक्षात आले तर ती या देशावरची सर्वांत मोठी आपत्ती ठरेल असा इशाराही दिला. आंबेडकरांनी मुस्लिम समाजातल्या दोषांवरही कडक लिहिले आहे. दोन्ही वाचावे. सोयीचे तेवढे उचलणाऱ्यांची गर्दी दोन्हीकडे आहे.

असगर अली इंजिनिअर कोण? सुरुवात त्यांच्यापासून का करायला सांगता?

जन्म १९३९, राजस्थानातल्या सलुंबरचा. वडील बोहरा धर्मगुरू. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे, नोकरी मुंबई महापालिकेत, सुमारे वीस वर्षे. सत्तरच्या दशकात ते दाऊदी बोहरा सुधारणा चळवळीत उतरले. बहिष्कार, हल्ले, घराची आणि कार्यालयाची मोडतोड हे सगळे सोसले. १९८० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक स्टडीज आणि १९९३ मध्ये, मुंबई जळल्यानंतर, 'सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम' उभे केले. २००४ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये मुंबईतच निधन झाले.

त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे पद्धत. दंगल झाली की गावात जायचे, दोन्ही वस्त्यांत बसायचे, कोणाचे दुकान जळले आणि कोणाचे वाचले, जमिनीचा किंवा धंद्याचा वाद होता का, निवडणूक किती जवळ होती, पोलीस कधी आले, हे लिहून काढायचे. दंगल ही दोन धर्मांची लढाई नसून सत्तेच्या आणि हितसंबंधांच्या लढाईला धर्माचे नाव दिले जाते, हा निष्कर्ष त्यांनी अशा नोंदींतून काढला. शिवाय ते श्रद्धावान होते. धर्म बाजूला टाका असे त्यांनी कधी सांगितले नाही, म्हणून मोहल्ल्यात लोक त्यांचे ऐकत.

मुस्लिम कट्टरतेवर मात्र तुम्ही गप्प असता, असे का?

ही तक्रार काही पुढाऱ्यांबाबत खरी आहे. परंपरेबाबत खरी नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले, आणि नावातला 'सत्यशोधक' थेट फुल्यांकडून घेतला.

बोहरा बहिष्काराचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये जातबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला, बोहरा धर्मप्रमुखांच्या याचिकेवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो सर्व धर्मांच्या जातपंचायतींना आणि जमातींना लागू आहे. घरातल्या अन्यायावर बोलणारा माणूस बाहेरच्या अन्यायावरही बोलू शकतो, आणि त्याने बोलावेच.

अल्पसंख्याकांना जादा हक्क आहेत, हे तुष्टीकरण नव्हे का?

संविधानाचे कलम २५, म्हणजे धर्मस्वातंत्र्य, प्रत्येक व्यक्तीला आहे. जादा म्हणून दाखवली जातात ती कलमे २९ आणि ३० : भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क. कलम ३० धार्मिक आणि भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांना आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरते, असे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायाधीशांनी सांगितले. म्हणजे बेळगावात मराठी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे संरक्षण करते ते हेच कलम. मुंबईत उर्दू शाळेला नाके मुरडणाऱ्याने आणि बेळगावच्या मराठी शाळेसाठी घोषणा देणाऱ्याने हे एकदा शांतपणे वाचावे.

तुष्टीकरण झालेच नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणारा शाहबानो निकाल एप्रिल १९८५ चा. धर्मगुरूंपुढे वाकून तो फिरवणारा कायदा १९८६ मध्ये आला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येत बाबरी मशिदीचे कुलूप उघडले. दोन्ही बाजूंच्या कट्टरांना खूश करण्याचे हे राजकारण होते, आणि नुकसान शाहबानोसारख्या बायकांचे आणि सामान्य माणसांचे झाले. हज यात्रेचे अनुदान २०१८ मध्ये बंद झाले, मुस्लिम समाजातल्या अनेकांनीही ते बंद करण्याची मागणी केली होती. अविभक्त हिंदू कुटुंबाला प्राप्तिकरात वेगळा घटक म्हणून मिळणारी सवलत मात्र या चर्चेत कधी येत नाही.

मुस्लिमांची लोकसंख्या वाढून हिंदू अल्पसंख्य होतील का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.३६. हिंदूंचा आकडा याच काळात ३.३ वरून १.९४ वर आला. अंतर जवळपास एक मूल होते, ते अर्ध्याच्याही खाली आले. घट मुस्लिमांत जास्त वेगाने झाली. २०११ च्या जनगणनेत देशात हिंदू ७९.८ टक्के आणि मुस्लिम १४.२ टक्के, महाराष्ट्रात मुस्लिम ११.५ टक्के. मुलांची संख्या मुलींच्या शिक्षणावर आणि दवाखान्यावर ठरते, हे केरळ आणि बिहारची तुलना केली की दिसते. धर्म तोच, आकडे निराळे.

सर्वोच्च न्यायालयाने तर हिंदुत्वाला जीवनपद्धती म्हटले आहे. मग?

हा खटला मुंबईचाच आहे, म्हणून मुंबईकराला तो पूर्ण माहीत असावा. १९८७ ची विलेपार्ले पोटनिवडणूक. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावावर मते मागितली म्हणून उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'हिंदुत्व' हा शब्द नुसता उच्चारला म्हणून धर्माच्या नावावर मत मागितले असे होत नाही, तो जीवनपद्धती या अर्थानेही वापरला जातो, असे म्हटले. पण प्रभूंची निवडणूक रद्दच ठेवली, कारण त्यांच्या प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेली भाषणे तशीच होती. त्यातूनच पुढे ठाकरे यांचा मतदानाचा अधिकार सहा वर्षांसाठी गेला. वाक्य सर्वांना पाठ आहे, निकाल कोणाला ठाऊक नाही.

२ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्मावरून मत मागणेही निवडणुकीतले भ्रष्ट आचरण ठरवले. तेही प्रकरण मुंबईचे, सांताक्रूझचे. आणि 'सेक्युलर' शब्द १९७६ च्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला हे खरे असले, तरी धर्मनिरपेक्षता ही संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे १९९४ च्या बोम्मई निकालाने स्पष्ट केले. तो शब्द काढून टाकण्याच्या याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या गेल्या.

श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आज का वाचायचा?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसे मारली गेली : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. त्यांच्या चौकशीसाठी हा आयोग २५ जानेवारी १९९३ रोजी नेमला, २३ जानेवारी १९९६ रोजी युती सरकारने गुंडाळला, मे १९९६ मध्ये पुन्हा सुरू केला तेव्हा मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही त्याच्या कक्षेत घातले. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात आला.

डिसेंबरचा पहिला उद्रेक नेतृत्वहीन, उत्स्फूर्त होता. ८ जानेवारीपासून मुस्लिमांवरचे हल्ले संघटित होते आणि त्यांत शिवसेना व शिवसैनिकांनी पुढाकार घेतला, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. चिथावणीखोर वर्तमानपत्री लिखाणालाही त्याने जबाबदार धरले. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जाळलेले हिंदू त्यात आहेत आणि सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांच्या गोळीबारात मेलेले मुस्लिमही. ३१ पोलिसांवर ठपका आहे.

आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते आणि आयोगापुढे दिलेली साक्ष त्याच साक्षीदाराविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. इतके लिहूनही फार थोड्यांना शिक्षा झाली, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण 'ए समरी' : गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही असे म्हणून पोलिसांनी शेकडो फायली बंद केल्या.

वाचण्याची रीत सांगतो. पहिल्या खंडातले निष्कर्ष वाचून थांबू नका. दुसऱ्या खंडात पोलीस ठाण्यांनुसार नोंदी आहेत. आपल्या भागाचे ठाणे काढा आणि गल्लीची नावे वाचा.

बेपत्ता व्यक्तींच्या वारसांसाठी अजून काम बाकी आहे. १६८ जण बेपत्ता झाले, त्यांपैकी १०८ जणांच्या वारसांपर्यंत भरपाई पोहोचली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने त्यांना दोन लाख रुपये आणि २२ जानेवारी १९९९ पासून ९ टक्के व्याज द्यायला सांगितले. देखरेख महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या समितीकडे दिली. तुमच्या ओळखीत असे कुटुंब असेल तर जुनी तक्रार, रेशनकार्डावरचे नाव आणि वारस दाखवणारे कागद घेऊन प्राधिकरणात जा.

सभेत द्वेषपूर्ण भाषण झाले. तक्रार नेमकी कशी करायची?

आधी ठरवा, हा गुन्हा आहे की नुसते वाईट बोलणे. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ (जुने १५३ अ) धर्म, भाषा, जात यांवरून गटांत वैर पसरवण्यासाठी आहे. कलम २९९ (जुने २९५ अ) हेतुपूर्वक धार्मिक भावना दुखावण्यासाठी. दोन समाज आणि हेतू, दोन्ही दिसायला हवेत. सरकारवरची, पक्षावरची किंवा विचारसरणीवरची टीका यात येत नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीवर मोजायला सांगितले. ही कसोटी आपण पाळली पाहिजे, कारण हीच कलमे टीकाकारांवरही लावली जातात. बहिष्काराचे आवाहन, शस्त्र उचलण्याचे आवाहन, वस्ती रिकामी करण्याची धमकी, हे मात्र सहन करण्याचे कारण नाही.

पुरावा : मूळ चित्रफीत ज्या फोनवर काढली त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली वेळेची माहिती निघून जाते. कापाकापी करू नका. मागेपुढे पाच मिनिटांचे भाषण राहू द्या, म्हणजे संदर्भ तोडल्याचा आरोप होत नाही. न्यायालयात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहायचे असते आणि तज्ज्ञाचा भागही भरावा लागतो.

अर्ज : दिनांक, वेळ, ठिकाण, आयोजक, वक्ता, आणि बोललेली वाक्ये जशीच्या तशी अवतरणात. 'भडकाऊ भाषण केले' एवढेच लिहिले की अर्ज तिथेच मरतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या.

इथून पुढे गाडी अडते ती ठराविक ठिकाणी. ठाणे अंमलदार 'एनसी करतो' म्हणतो. कलम १९६ आणि २९९ दखलपात्र आहेत, त्यामुळे अदखलपात्र नोंद चालत नाही. 'आमच्या हद्दीत नाही' म्हटले तर शून्य क्रमांकाने (म्हणजे इथे नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा) गुन्हा नोंदवायला सांगा. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ती चालू आहे असे म्हणत असतील तर परवानगीची तारीख विचारा आणि पंधराव्या दिवशी परत जा. नोंद नाकारली तर सर्व कागद टपालाने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवा. त्यानंतरच दंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. मधली पायरी गाळली की अर्ज परत येतो.

'सरकारची मंजुरी लागते' हे उत्तर अर्धवट आहे. मंजुरी न्यायालयाने दखल घेण्याआधी लागते, गुन्हा नोंदवायला लागत नाही. पण ती वर्षानुवर्षे येत नाही, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात दखल घेण्याची मुदतही तीन वर्षांची आहे. म्हणून गुन्हा नोंदवून घरी बसू नका, दर तीन महिन्यांनी माहिती अधिकारात मंजुरीच्या प्रस्तावाची स्थिती विचारा.

सभा अजून व्हायची असेल तर काम सोपे असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका नियोजित सभेबाबत सर्वोच्च न्यायालयाने चित्रीकरणाचा आदेश दिला होता. २८ एप्रिल २०२३ रोजी तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवण्याचा आदेश सर्व राज्यांना लागू केला. दोन्ही आदेशांच्या प्रती जोडून सभेआधी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना पत्र द्या आणि चित्रीकरण मागा.

म्हशीचे मांस नेताना अडवले तर?

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीवर नाही. राज्याबाहेर कायदेशीर कत्तल झालेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले, आणि निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे हे कलमही. व्यापाऱ्याने देवनार कत्तलखान्याची पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला गाडीतच ठेवावा, दुकानात ठेवलेल्या कागदाचा रस्त्यावर उपयोग नाही. खाजगी जमावाला गाडी तपासण्याचा अधिकार नाही. ११२ ला फोन करा, गाडीचे दार पोलिसांसमोरच उघडा. नमुना घेतल्यास तो सीलबंद होतो का पाहा आणि पंचनाम्याची प्रत मागा.

जमावाने ठार केल्यास न्याय संहितेचे कलम १०३(२) लागते. त्यात वंश, जात, समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा असे शब्द आहेत, 'धर्म' हा शब्द नाही. फिर्यादीत 'समुदाय' आणि 'श्रद्धा' हे शब्द मुद्दाम लिहून घ्यावेत.

धर्मामुळे घर नाकारले. कायदा काय करतो?

स्पष्टच सांगायचे तर फार कमी. कलम १५(१) सरकारला बांधते. १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आहेत, खाजगी घर नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा केवळ पारशांना सभासदत्व देण्याचा उपनियम वैध ठरवला. घरमालकाला भाड्याने द्यायला भाग पाडणारा कायदा महाराष्ट्रात नाही. तो हवा, आणि ही मागणी पक्षांच्या जाहीरनाम्यांत जायला हवी.

अडवणूक सोसायटी करत असेल तर मार्ग आहेत. मालक द्यायला तयार असेल तर आदर्श उपविधींनुसार सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवणे पुरते. सोबत नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाचे) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. फ्लॅट विकत घेतला आणि सभासदत्व नाकारले तर कारण लेखी मागा. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय न कळवल्यास सहकार कायदा ते दिल्याचे मानतो. लेखी नकार मिळाल्यास उपनिबंधकांकडे अपील करता येते. बहुतेक समित्या तोंडी नकार देतात, तो कागदावर आणणे हेच खरे काम.

आंतरधर्मीय लग्नासाठी काय तयारी ठेवावी?

विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. दादरचा पत्ता आणि वांद्र्याचे कार्यालय असा घोळ झाला की महिना फुकट जातो. नोटीस ३० दिवस फलकावर लागते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नवी नोटीस. तीन साक्षीदार लागतात, चौथा तयार ठेवा.

धोका असतो तो गावाच्या पत्त्याचा. कायमचे राहणे दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या अधिकाऱ्याकडे जाते आणि बातमी घरी पोहोचते. म्हणून मुंबईतले कायमचे वास्तव्य दाखवणारे कागद आधीच करा. हरकत फक्त वय, आधीचे लग्न, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते यांवर घेता येते. धर्म वेगळा आहे ही हरकत नव्हे. धमक्या येत असतील तर २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाचा दाखला देऊन संरक्षणाचा अर्ज नोटीस देण्याआधीच करावा, लग्नाच्या दिवशी नाही.

मिरवणुकीवरून तणाव आहे. मोहल्ला समिती काय करू शकते?

मे १९७० ची भिवंडीची दंगल शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटली आणि १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कारण साधे होते : समितीत पुढारी नव्हते, रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, दुकानदार होते, आणि ते शांततेच्या काळातही भेटत होते. दंगलीच्या आदल्या दिवशी बोलावलेली शांतता समिती केवळ फोटोपुरती उरते.

मिरवणुकीच्या आधी मार्ग, धार्मिक स्थळासमोरून जाण्याची वेळ आणि वाद्यांचा आवाज या तिन्ही गोष्टी परवानगीत लेखी करून घ्या. अजान किंवा आरतीची वेळ टाळा. मशिदीसमोर आणि मंदिरासमोर दोन्ही समाजांचे चार-चार लोक उभे करा, तरुण पोरांना घरातली माणसेच आवरू शकतात. अफवा आली की आधी त्या ठिकाणच्या माणसाला फोन, मग ग्रुपवर उत्तर. चित्रफीत जुनी असेल तर मूळ तारीख सांगून खोडा, नुसते 'खोटे आहे' म्हटल्याने कोणी थांबत नाही.

अल्पसंख्याक आयोगाकडे जाऊन उपयोग होतो का?

थोडा. आयोग अहवाल मागवू शकतो, अधिकाऱ्याला बोलावू शकतो, शिफारस करू शकतो. शिक्षा देऊ शकत नाही. पोलीस तक्रारीऐवजी आयोगाकडे गेलात तर महिने जातात आणि पुरावा विरतो. आधी ठाण्यातली पोहोच घ्या, मग तिची प्रत जोडून आयोगाला लिहा, म्हणजे ठाण्याला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर कामी येते.